फरक कुठे आहे?

गेल्या जुलैत आमच्या घरातले जेवणाचे टेबल जवळजवळ तीन आठवडे जेवणासाठी मिळाले नाही. टेबलावर एक गाडी पोट उघडे टाकून पडली होती आणि तिच्या भोवती स्क्रू, तारा, छोटे पाने, दोन बॅटऱ्या आणि एक पिवळा मल्टिमीटर असा पसारा होता. सूनबाईंनी दोन दिवस सोसले. तिसऱ्या दिवशी "आता खालीच पंगत मांडते," असे म्हणून त्यांनी खरोखरच हॉलमध्ये सतरंजी घातली. गुडघे दुखत असूनही मी मुकाट्याने मांडी घातली, कारण प्रकरण नाजूक होते.

ही गाडी रस्त्यावरची नव्हे. हातभर लांबीची, चार गुबगुबीत चाकांची, रिमोटवर धावणारी, खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची. आमचा तेरा वर्षांचा नातू तिला खेळणे म्हणू देत नाही. "आजोबा, ही रेस कार आहे," असे त्याने मला पहिल्याच दिवशी बजावले होते. ठाण्याच्या पुढे एका मोकळ्या मैदानावर दर रविवारी आठ-दहा हौशी मंडळी जमतात. मातीचा वळणावळणांचा मार्ग आखलेला असतो, मध्ये दोन-तीन उंचवटे, आणि पाच मिनिटांची शर्यत. त्यात कॉलेजची पोरे असतात, एक दातांचे डॉक्टर असतात, आणि रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फोरमनही असतात. त्या साऱ्यांत आमचे शेंडेफळ.

मला आधी वाटले, हे काहीतरी नवे फॅड असणार. पण नातवाने माझे अज्ञान दूर केले. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ या गाडीची रिमोटवर चालणारी छोटी प्रतिकृती बाजारात आणली आणि त्यानंतर या खेळाची लाटच आली. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या डेल मार येथे विजेवरच्या एक दशांश गाड्यांची, मातीवर धावणाऱ्यांची, पहिली जागतिक स्पर्धा झाली. मासामी हिरोसाका नावाच्या जपानी खेळाडूने या खेळात १४ जागतिक अजिंक्यपदे मिळवली. आमच्या पिढीने गावसकरांची शतके तोंडपाठ केली, तशी या पोराने ही अजिंक्यपदे केली आहेत. १९८५ साली मी बँकेत नवा अधिकारी होतो, आणि रिमोट हा शब्द मी दूरदर्शनसंचापुरतासुद्धा ऐकलेला नव्हता.

तर मूळ मुद्द्याकडे येतो. गाडीला रोग जडला होता. मैदानावर ती सुसाट निघे, पहिले वळण घेई, आणि सरळ पट्ट्यावर नातवाने पूर्ण वेग दिला की मध्येच जीव गेल्यासारखी गप्प होई. मोटार बंद, पुढची चाकेही वळेनात. तेवढ्यात मागून येणारी गाडी तिच्यावर आदळे. दोन सेकंदांनी ती आपणहून जिवंत होई आणि काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा धावू लागे. घरी आणून टेबलावर चाके अधांतरी ठेवून चालवली, तर एकदाही बंद पडत नसे. बॅटरीला मीटर लावला की आठ व्होल्टांच्या वर दाखवी. म्हणजे डॉक्टरांपुढे नेले की ताप उतरतो, त्यातली गत.

हा रोग सुरू झाला तो पावसाळ्यातला पहिला रविवार होता. मैदानावर डबकी साचली होती. त्यामुळे आमच्या चिरंजीवांनी निदान तिथल्या तिथे करून टाकले, "तू गाडी पाण्यात घातलीस."

"नाही घातली, बाबा."

"मग काय आपोआप बिघडली?"

यानंतर पुढच्या दोन आठवड्यांत नवी बॅटरी आली. रोग तसाच. चाके वळवणारी छोटी मोटार, तिला सर्व्हो म्हणतात, ती नवी आली. रोग तसाच. रिसीव्हरची तार इकडून तिकडे फिरवून झाली. सात-आठ हजार रुपये गेले, आणि दर नव्या वस्तूच्या पावतीबरोबर 'पाण्यात घातलीस' हे वाक्य एकदा तरी म्हटले जाई. आमचे चिरंजीव वाईट नाहीत. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून, लोकलला लोंबकळून घरी येतात, हौसेने पोराला गाडी घेऊन देतात. पण त्या रविवारी रात्री नातू पानावरून अर्धा उठला आणि म्हणाला, "विकून टाका ती गाडी. मला नको." आणि आपल्या खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतले.

त्या लावलेल्या दाराकडे बघताना मला एकदम १९८६ सालची एक संध्याकाळ आठवली.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा बँकेच्या शाखेत होतो. वय २६. सगळे व्यवहार हाताने लिहायचे दिवस. ग्राहक पैसे भरायला आला की कॅशियर रोख मोजून घेई, आपल्या वहीत नोंद करी, मग ती पावती माझ्याकडे येई आणि मी माझ्या स्क्रोलमध्ये नोंद करून सही करी. संध्याकाळी दोन्ही बेरजा जुळल्या की तिजोरी बंद. त्या दिवशी जुळल्या नाहीत. माझ्या स्क्रोलपेक्षा कॅशियरच्या वहीत आणि रोकडीत ३,६०० रुपये कमी होते. वीज गेलेली, कंदील लावलेला, शेवटची एस.टी. सुटायच्या बेतात. आमचे कॅशियर पन्नाशीच्या घरातले, सगळी शाखा त्यांना काका म्हणे. ते एवढेच म्हणाले, "साहेब, माझी वही आणि माझी रोकड जुळतेय. एकदा व्हाउचर लावून बघू."

मी बघितले नाही. मी अधिकारी होतो आणि स्क्रोल माझ्या हाताने लिहिलेला होता. रोकड कमी पडली की कॅशियरने भरून द्यायची, हा रिवाज होता. काकांच्या पगाराहून ती रक्कम मोठी होती. ते समोरच्या किराणा दुकानात गेले, दुकानदाराकडून उसने पैसे आणले आणि कंदिलाच्या उजेडात माझ्यासमोर मोजून ठेवले. अर्थातच दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बँकेत काकांची रोकड कमी आल्याचे सगळ्या बाजारपेठेला कळले होते.

दुसऱ्या दिवशी व्हाउचरे लावली तेव्हा पाच मिनिटांत उलगडा झाला. एका शेतकऱ्याने भरलेले १,५०० रुपये मी ५,१०० लिहिले होते. हिशेबातला जुना ठोकताळा आहे : फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली आहे का ते आधी बघावे. ३,६०० ला नऊने भाग जातो. हे मला त्या संध्याकाळीही ठाऊक होते. पण आकड्याकडे बघण्याऐवजी मी माणसाकडे बघत बसलो.

म्हणून त्या रात्री चिरंजीवांना म्हटले, "ती गाडी आठ दिवस माझ्याकडे द्या. अट एकच. काही नवीन विकत आणायचं नाही आणि कुणाला काही बोलायचं नाही."

"अप्पा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"त्यातलं काही नाही. फरक शोधण्यातलं थोडं कळतं."

दुसऱ्या दिवशी नातू कुरकुरत का होईना, टेबलाशी आला. मी एक दोनशे पानी वही आणली आणि बँकेतल्या सवयीने रकाने आखले. तारीख, काय केले, काय दिसले, कोणी केले. पहिल्या पानावर फक्त दोन याद्या लिहायच्या होत्या : गाडी कधी बंद पडते आणि कधी पडत नाही. बंद पडते ती पूर्ण वेग देताना, सरळ पट्ट्यावर, आणि शर्यत जशी पुढे सरकेल तशी अधिक. बंद पडत नाही ती टेबलावर, चाके अधांतरी असताना, आणि हळू चालवताना. लिहून झाल्यावर नातू स्वतःच म्हणाला, "आजोबा, म्हणजे जोर लागला की पडते."

त्याचे बरोबर होते. ज्यांनी जुनी मोटार बाळगली असेल त्यांना हा अनुभव असेल. हॉर्न खणखणीत वाजतो, दिवे लागतात, आणि सेल्फ मारला की नुसते 'टक्' होते. शेजारी म्हणतात बॅटरी गेली. मेकॅनिक येतो, बॅटरीच्या टोकावर साचलेली पांढरी भुकटी खरवडतो, नट आवळतो आणि गाडी सुरू होते. दिव्याला लागणारी वीज थोडी असते, ती त्या भुकटीतूनही वाट काढते. सेल्फला लागतो तो लोंढा, तो तिथे अडतो. खेड्यात पंप सुरू झाला की घरातला दिवा लुकलुकतो, तेही याच जातीचे. तार जितका विरोध करते आणि तिच्यातून जितका प्रवाह जातो, त्यांच्या गुणाकाराइतका दाब वाटेत खर्ची पडतो. हा नियम गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. सुरुवातीला त्याच्या वाट्याला कौतुक फारसे आले नाही. नंतर १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले. आता त्याचे नाव प्रत्येक मीटरवर असते.

या गाडीच्या पोटात काय असते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. पूर्वी या गाड्यांत निकेल-कॅडमियमचे सहा सेल असत, प्रत्येकी १.२ व्होल्ट, मिळून ७.२. आता लिथियम-पॉलिमरचे दोन सेल असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४.२, मिळून ८.४ व्होल्ट. बॅटरीतून वीज प्लगमधून एका छोट्या डबीत जाते. तिला मुले ईएससी म्हणतात, आपण वेगनियंत्रक म्हणू. ही डबी मोटारीला हवी तेवढी वीज सोडते. शिवाय तीच त्यातली थोडी वीज पाच-सहा व्होल्टांवर उतरवून रिसीव्हरला आणि सर्व्होला देते. रिसीव्हर म्हणजे गाडीचे कान. बॅटरीचा दाब फारच कोसळला तर कानांना पुरेशी वीज मिळत नाही, ते क्षणभर मिटतात, आणि मग रिमोट कितीही दाबा, गाडीला ऐकू येत नाही. दुसरीही एक सोय डबीत असते. लिथियमची बॅटरी फार रिकामी झाली तर खराब होते, म्हणून ठरावीक दाबाच्या खाली गेले की डबी मोटारीची वीज आपणहून तोडते. आमच्या डबीत ती मर्यादा ६.४ व्होल्टांवर ठेवलेली होती.

आता प्रश्न असा, की दोष ऐकण्यात आहे की पुरवठ्यात? इथे मैदानावरचे फोरमन उपयोगी पडले. त्यांना फोन केला तर म्हणाले, "अहो, सोपं आहे. रिसीव्हरला वेगळी बॅटरी द्या. पण डबीकडून रिसीव्हरला येणाऱ्या तीन तारांतली मधली लाल तार आधी काढून तिच्यावर टेप लावा. दोन्हीकडून वीज एकदम गेली तर नवीनच दुखणं व्हायचं."

आम्ही तसे केले. चार पेन्सिल सेलची डबी रिसीव्हरला जोडली आणि संध्याकाळी सोसायटीच्या वाहनतळावर गाडी पळवली. पूर्ण वेग देताच मोटार गप्प झाली, पण पुढची चाके मात्र डावी-उजवी वळत राहिली. नातू ओरडलाच, "कान चालू आहेत!" म्हणजे रिमोट, रिसीव्हर, सर्व्हो यांच्यावरचा संशय एकदम दूर झाला. सर्व्हो आणायची गरजच नव्हती. वहीत लिहिले, तारीख घातली, नातवाने 'कोणी केले' या रकान्यात आपली आद्याक्षरे केली.

उरला तो बॅटरीपासून मोटारीपर्यंतचा मोठा रस्ता. त्यावर संशयित पुष्कळ : बॅटरी, तिचा प्लग, जोड, तारा, डबी, मोटार. नातू म्हणाला, "मीटर 'पी' वाजवून बघू." मल्टिमीटरमध्ये तार अखंड असेल तर शिटी वाजते, ती सोय. सगळीकडे 'पी' वाजले. फोरमनना सांगितले तर ते हसले. त्या शिटीसाठी मीटर अगदी नगण्य प्रवाह सोडतो, आणि वाटेत चांगला दहा-वीस ओहमचा अडथळा असला तरी बहुतेक मीटर खुशाल शिटी वाजवतात. इथे तर ओहमच्या शंभराव्या भागांचा मामला. मला आमच्या बँकेतले जामीनदार आठवले. चहाच्या टपरीवर "साहेब, मी आहे ना!" म्हणणारे खूप असत. खरे जामीनदार कोण ते हप्ता थकल्यावर कळे.

तेव्हा भार टाकून मोजणे आले. पण गाडी जागच्या जागी धरून मोटारीला पूर्ण वेग देणे धोक्याचे, बोटे जायची. फोरमन म्हणाले, "मोटारीच्या पुढच्या दिव्याचा जुना बल्ब आहे का? दोन तारांवाला?" लॅमिंग्टन रोडला जावे लागले नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये एक तार गेलेला मिळाला तो परत केला, आणि दोन्ही तारा शाबूत असलेला एक तिथल्या पोराने शोधून दिला.

शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही आजा-नातू बसलो. चिरंजीव अजून कचेरीतून यायचे होते. बल्ब एका स्टीलच्या ताटलीत ठेवला, कारण तो भयंकर तापतो. चिमटे लावून तो डबीच्या तोंडाशी जोडला, डबीची कळ बंद ठेवली. बल्ब लावण्याआधी दाब ८.१२ व्होल्ट होता, बॅटरीपाशीही आणि डबीपाशीही. सगळे आलबेल. बल्ब लावला. सुमारे ७ अँपिअर वीज वाहू लागली. बॅटरीला एक छोटा पांढरा प्लगही असतो, चार्जर त्यातून प्रत्येक सेल वेगळा तपासतो. तिथे मोजले की वाटेतला कुठलाही जोड न लागता थेट सेलचा दाब कळतो. तिथे ७.९८ आले. डबीच्या तोंडाशी ७.५९. फरक ०.३९ व्होल्ट.

मला सांगायला लाज वाटत नाही, माझ्या अंगावर काटा आला. किती वर्षांनी फरक हातात आला होता! आणि तो बॅटरीत नव्हता, वाटेत होता. नवी बॅटरीसुद्धा उगाच आणली होती.

गुस्ताव किरखॉफ या दुसऱ्या जर्मनाने १८४५ साली सांगून ठेवले आहे, की कुठल्याही बंद वाटेवर जेवढा दाब मिळतो तेवढाच वाटेत खर्ची पडला पाहिजे. जमा-खर्च जुळलाच पाहिजे. ज्याने हे शोधले त्याला कुठल्याही बँकेने मुख्य हिशेबनीस म्हणून डोळे मिटून घेतले असते. आम्ही बल्ब मध्ये मध्ये निववत, मीटरच्या दोन सुया वाटेवरच्या एकेका तुकड्याच्या दोन टोकांना लावत पुढे सरकलो. मी धरायचे आणि नातवाने वाचायचे. लाल बाजूची सगळी वाट मिळून ०.०२. काळ्या बाजूला बॅटरीकडचा जोड आणि प्लगची पकड मिळून ०.०१. नंतर गाडीच्या बाजूच्या प्लगचा काळा जोड.

"शून्य पॉइंट तीन पाच," नातू म्हणाला. मग आवाज खाली आणून पुन्हा म्हणाला, "आजोबा, तीन पाच."

पुढच्या तारेत ०.०१. बेरीज केली. ०.०२, ०.०१, ०.३५, ०.०१. बरोबर ०.३९. फरक जुळला.

सात अँपिअरला ०.३५ व्होल्ट, म्हणजे त्या जोडाचा विरोध ओहमच्या वीसाव्या भागाएवढा. पण मैदानावर पूर्ण वेग देताना क्षणभर चाळीस अँपिअरही ओढले जातात. तेव्हा त्या एवढ्याशा जोडात दोन व्होल्ट गडप व्हायचे आणि ८० वॉट उष्णता निर्माण व्हायची. बॅटरीही तेवढ्या भाराखाली सव्वासातपर्यंत उतरायची. वजा दोन. म्हणजे डबीला मिळायचे सव्वापाच. तिची मर्यादा ६.४. तिला बिचारीला वाटायचे, बॅटरी संपली. भरलेल्या बॅटरीवर ती बॅटरी वाचवायला मोटार बंद करत होती. ती आपले काम चोख करत होती, तिच्यापर्यंत चुकीचा आकडा पोचत होता.

प्लगवरची रबरी नळी मागे सरकवली. जोडावरचे सोल्डर राखेसारखे निस्तेज होते, त्याच्या कडेने केसाएवढी भेग गोल फिरली होती आणि प्लगचे प्लास्टिक तेवढ्याच जागी तपकिरी पडले होते. पाण्याचा काही संबंध नव्हता. एप्रिलमध्ये नवा पिवळा प्लग बसवला तेव्हा तो जोड वरवर धरला होता, आणि महिनाभर हादरे खाऊन नेमका पहिल्या पावसाच्या सुमारास सुटत आला होता. त्या रविवारी डबकी नसती तर दुसऱ्या कशाचे तरी नाव पुढे आले असते.

तो प्लग कोणी बसवला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी नातवाकडे पाहिले. तीन आठवडे ऐकून घेतलेल्या मुलाने या क्षणी काय म्हणावे, याची मला धास्ती होती. तो काही बोलला नाही. वहीत त्याने सगळे आकडे नीट लिहिले आणि 'कोणी केले' हा रकाना मोकळा ठेवला.

साडेदहाला चिरंजीव आले. नातवाने मीटर त्यांच्या हातात दिला आणि फक्त म्हणाला, "बाबा, सापडलं. तुम्हीच बघा." त्यांनी बूटसुद्धा काढले नाहीत. बल्ब लावला, सुया टेकवल्या, आकडा बघितला. मग जोड बघितला. बराच वेळ बघितला.

"हा तर माझा जोड," ते म्हणाले. आणि थोडे थांबून, "पाण्याचं मी उगाच म्हणालो रे."

"ठीक आहे, बाबा," नातू म्हणाला. एवढेच.

न्यायाने सांगायचे तर त्यात माझाही वाटा होता. तो जोड ज्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने दिला, ती माझी. ट्रान्झिस्टर दुरुस्त करण्यासाठी घेतलेली, २५ वॉटची. बारीक तारांना ती ठीक. या गाडीतली जाड तार तिची सारी उष्णता पिऊन टाकते. सोल्डर वितळून वर बसते, पण आत धरत नाही. ज्यांनी लहानपणी वाड्यात कल्हईवाला बघितला असेल त्यांना हे लगेच कळेल. तो आधी पातेले भात्यावर लालबुंद तापवी, नवसागर फिरवी, आणि मग कथील लावी. थंड भांड्यावर कथील घासून कधी कल्हई होत नाही. इथेही तेच. रविवारी सकाळी चिरंजीवांनी फोरमनकडून ८० वॉटची इस्त्री मागून आणली. जुने सोल्डर काढले, राळेचा फ्लक्स लावला, तार आणि प्लग दोन्ही वेगवेगळी कथिलाने माखून घेतली, मग एकत्र धरून तापवली. जोड गार होईपर्यंत हलवायचा नाही, म्हणून नातवाने तो पक्कडीत धरून श्वाससुद्धा रोखला होता. या वेळी जोड आरशासारखा चकाकला. पुन्हा बल्ब लावून मोजला तेव्हा ०.३५ च्या जागी मीटरने ०.०१ दाखवले.

घरात अशी गाडी असलेल्या आईबापांसाठी दोन शब्द. लिथियमच्या बॅटरीला हलके समजू नका. ती चार्ज होत असताना घर सोडून जाऊ नये, अंथरुणा-पडद्यांजवळ ठेवू नये, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. आठ-पंधरा दिवस वापरायची नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टांच्या आसपास ठेवावा, पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा ठेवू नये. आणि बल्ब लावून मोजण्याचा प्रयोग काही सेकंदांचाच, मोठे माणूस शेजारी बसलेले असताना करावा.

त्या रविवारी दुपारी शर्यत होती. मी, सूनबाई आणि चिरंजीव तिघेही छत्र्या घेऊन मैदानावर उभे होतो. नऊ गाड्यांत आमची सातवी आली. पण पाच मिनिटांत ती एकदाही बंद पडली नाही. शेवटच्या फेरीत तर एका डबक्यातून पाणी उडवत गेली. चिरंजीवांनी माझ्याकडे बघितले आणि आम्ही दोघेही हसलो.

रात्री टेबल मोकळे झाले. वही आवरून ठेवताना मी सहज शेवटचे पान उघडले. आदल्या रात्री मोकळा राहिलेला रकाना भरलेला होता. तिथे चिरंजीवांची आद्याक्षरे होती, त्यांच्या स्वतःच्या हातची.

१९८६ साली त्या स्क्रोलमध्येही आद्याक्षरे आहेत. ५,१०० वर रेघ मारून वर १,५०० लिहिले आणि शेजारी मी माझी आद्याक्षरे केली, तसा नियमच होता. काकांचे ३,६०० रुपये मी पाकिटात घालून शिपायाबरोबर त्यांच्या टेबलावर पाठवले. त्यांनी पाकीट मोजून घेतले, खिशात ठेवले आणि पुढच्या ग्राहकाला हाक मारली. दुपारच्या चहाला मात्र ते आले नाहीत. संध्याकाळी तिजोरीची किल्ली फिरवताना म्हणाले, "साहेब, आधी व्हाउचर बघायचं असतं. माणूस नंतर." त्यावर 'चुकलो' हा एक शब्द मी म्हणायला हवा होता. तो मी म्हणालो नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली, काकांची पुन्हा भेट झाली नाही आणि आता ते हयात नाहीत.

चिरंजीवांनी तो शब्द बूट न काढता, दारातून आल्या आल्या, पाच मिनिटांत म्हणून टाकला. वही मी कपाटात ठेवलेली नाही. टेबलाच्या खणात, हाताशी ठेवली आहे.